एकहाती

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. बायकोला माहीत नाही, ताईला माहीत नाही, आणि दाजींना—ताईच्या नवऱ्याला—तर कळताच कामा नये, असं बघत आलोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसणार नाही. आणि बसलातच, तर मी खिडकीबाहेर बघत राहीन. ते मला छान जमतं.

एका शब्दाबद्दल आहे हे. साधा मराठी शब्द, तुमच्या-माझ्या बोलण्यातला. पेपरात रोज येतो—अमक्यानं सामना एकहाती जिंकून दिला, तमक्यानं संसार एकहाती ओढला. कौतुकाचा शब्द आहे. पेपर उघडला आणि तो दिसला की मी पान उलटतो. बायकोला वाटतं मला क्रिकेटचा कंटाळा आलाय.

थांबा—असं नाही कळायचं. आधी मशीन सांगतो.

आम्ही प्रेस बनवतो. पत्रा दाबून त्यातून वस्तू काढणारी मशीन. वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, धप्प, खालचा पत्रा कापला जातो, की झाली वस्तू तयार. या मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब, दोन्ही बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. का? तर दोन्ही हात बटणावर असले म्हणजे ठोकळ्याखाली कुणाचा हात असणार नाही. एवढीच त्यातली अक्कल. पण हात असे अडकून पडले की काम हळू होतं. पत्रा सरकवा, हात काढा, बटणं दाबा, परत हात घाला. मग आपल्याकडे काय करतात? एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात, वरून चिकटपट्टी. एक हात मोकळा. त्यानं पत्रा सरकवत राहायचं, दुसऱ्यानं उरलेलं बटण मारत राहायचं. माल बघता बघता वाढतो.

याला आम्ही म्हणायचो, मशीन एकहाती केली.

इन्स्पेक्टर आला की दोनहाती, तो नाक्यावरच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत पुन्हा एकहाती. भोसरीत, चाकणच्या मागच्या गल्ल्यांतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हा शब्द ऐकतच कामाला लागलो. मीही केलीय मशीन एकहाती, खोटं कशाला बोलू—बघा, 'खोटं कशाला बोलू' म्हणतोय. मी! आणि त्याच शेडमध्ये मी चहाचा ग्लास तळहातात धरणारी माणसंही बघितली, कारण बोटांत धरायला बोटं नव्हती. दाजी त्यातलेच. उजव्या हाताची मधली तीन बोटं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मला सगळं माहीत होतं.

मग मी आयटीआय केलं, आधी नाही, कामाला लागल्यावर, आणि चांगल्या कंपनीत आलो. पिवळ्या रेघा आखलेली फरशी, कँटीन, हेल्मेट. शिकवायचं अंग होतं म्हणून ट्रेनर झालो. आणि एके दिवशी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं—पासपोर्ट आहे का?

आपलं सरकार आता बाहेरच्या देशांना मदत करतं, हे तुम्ही वाचलं असेल. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात त्यांनी प्रशिक्षण केंद्र बांधून दिलं होतं. देशाचं नाव नाही सांगत. त्यांचा यात काही दोष नाही. इमारत आपल्या पैशाची, मशिनी आपल्या, सुरुवातीला शिकवणारेही आपलेच. प्रेस आमच्या कंपनीच्या होत्या. आमचे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी शाळेत परदेशातून आलेली दुधाची पावडर वाटायचे. रांगेत उभं राहायचं आणि कपात घ्यायची. त्याच घरातला मुलगा आता देणाऱ्यांच्या बाजूनं निघाला होता. वडिलांनी अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. विहारात जाऊन बाबासाहेबांच्या फोटोपुढे माझा पासपोर्ट ठेवला. मला केवढा अभिमान वाटला होता! मदतीचा अभिमान अजूनही वाटतो, त्याचीच लाज वाटते.

कंपनीचा हिशेब वेगळा होता आणि मॅनेजर साहेबांनी तो लपवलाही नाही. म्हणाले, "सरकारची मदत ही एंट्री आहे राव. शेजारचे देश येऊन बघणार, मग कारखाने निघणार, मग मशिनी कुणाच्या घेणार? ते केंद्र म्हणजे आपलं दुकान समज. दुकान झगमगीत ठेव." मी मान डोलावली. त्यात वाईट काय होतं? मला आजही त्यात वाईट दिसत नाही. वाईट मी केलं.

आता तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. मी मघापासून तेच टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

तिकडे बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात. मुलीचं नाव नेमा, म्हणून आई 'मामा नेमा'. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना—आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, मिशा असलेला! तिला खुणांनी आणि त्यांच्या भाषेतल्या चार शब्दांनी कसंबसं समजावून सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जोरात हसली, आणि मग रोज ओठावर बोट आडवं धरून मिशी दाखवायची. तिशी ओलांडलेली, नवरा नाही. आधी बाजारात मंदाझी तळून विकायची. मंदाझी म्हणजे आपले गुलगुले, थोडे मोठे. अख्ख्या वर्गात ती एकटी बाई आणि हात सगळ्यांत चलाख. पत्रा असा सरकवायची की मला माझ्या शेडमधले दिवस आठवायचे. प्राचार्य त्यांच्याच देशातले होते. त्यांचं ठरलं होतं की मी परत गेलो की माझ्या जागी शिकवायला मामा नेमाला घ्यायचं. सरकारी पगार, डोक्यावर पक्कं छप्पर, नेमाची शाळा. ती सगळ्यांना सांगत सुटली होती. मला 'म्वालिमू' म्हणायची, म्हणजे गुरुजी. मला 'गुरुजी' म्हणणारी ती पहिलीच.

आमचा एक खेळ असायचा. त्यांच्या स्वाहिलीत आपल्यासारखे शब्द किती निघतात ते शोधायचं. चहाला चाय. चपातीला चपाती. साबणाला सबुनी. दुकानाला दुका. एखादा सापडला की ती टाळी द्यायची. मशीनवर लाल पाटी होती, त्यावर त्यांच्या भाषेत लिहिलेलं 'हतारी'. मी विचारलं, हे काय? तिनं गळ्यावरून आडवा हात फिरवून दाखवला. धोका. मी म्हणालो, आमच्याकडे खतरा. खतारा, हतारी—ती कितीतरी वेळ घोळवत बसली. तिनं माझ्याकडून आकडेही शिकून घेतले होते. एक, दोन, तीन. वस्तू मोजताना मराठीत मोजायची.

हे लक्षात ठेवा. 'एक' तिला येत होतं आणि 'हतारी' तिचंच होतं.

उद्घाटनाला दोन्हीकडची मोठी माणसं येणार होती. प्रत्येक पाहुण्याला पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा, दोन देशांचे झेंडे असलेला, तिथंच केंद्रात बनलेला—ही कल्पना कुणाची? माझीच. मॅनेजर साहेबांना फोनवर सांगितली तेव्हा ते खूश झाले. पण वीज सारखी जायची, बिल्ले काही पुरे होईनात. आदल्या दिवशी दुपारी मी मामा नेमाच्या मशीनपाशी गेलो, खाली पडलेला लाकडाचा तुकडा उचलला, तासून त्याची पाचर केली आणि उजवं बटण ठोकून बसवलं.

तिनं हात मागे घेतले. हे मी कसं विसरू? तिनं दोन्ही हात मागे घेतले, लाल पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हतारी, म्वालिमू."

मी हसलो. म्हणालो, काही नाही होत, आमच्या चाकणला सगळे असंच करतात. याला म्हणायचं—एकहाती. आजच्यापुरतंच.

तिनं तो शब्द तोंडात घोळवला. एक-हाती. एक-हतारी. आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं, मी आमच्या खेळातला नवीन शब्द केलाय, अर्धा माझा, अर्धा तिचा—एक हतारी, एक धोका! तिनं टाळी दिली. वर्गाला ओरडून सांगितलं, सगळे हसले. मीही हसलो. चूक दुरुस्त केली नाही. कशाला करायची? शब्द गोड झाला होता. आणि बिल्ले भराभर पडायला लागले.

उद्घाटन झकास झालं. पाहुण्यांनी बिल्ले छातीला लावले. मोठी माणसं बोलली, मैत्री, विश्वास, सगळं. पाचर आधीच काढून ठेवली होती. ती संध्याकाळी कचऱ्यात टाकायची होती. मी टाकली नाही. मशीन किती भराभर चालते याचं चित्रीकरण मॅनेजर साहेबांना पाठवलं, त्यांनी ते पुढे कुणाकुणाला दाखवलं, आणि फोन आला—शाबास, अजून पाठव. मग काय! पाहुणे यायचे असले की दोनहाती, गेले की मी दारातूनच टाळी वाजवायचो आणि मामा नेमा ओरडायची, "एकहतारी!" आणि स्वतःच पाचर ठोकायची. आजच्यापुरतं म्हणालो होतो ना? तो 'आज' काही संपलाच नाही. मी चाकणची गल्ली उचलून तिथं नेली होती, आपल्या सरकारच्या मदतीत गुंडाळून.

ज्या सकाळी झालं, तेव्हा मी पाठमोरा फोनवर होतो. मॅनेजर साहेबांना सांगत होतो की शेजारच्या देशातले दोन व्यापारी बघायला येणार आहेत. प्रेसच्या आवाजात काही फरक पडत नाही, तुम्हाला माहीत आहे? खाली पत्रा असो नाहीतर हात, आवाज तोच येतो. मला वर्गाच्या शांततेवरून कळलं. वळलो तर ती उभी होती, ओरडत नव्हती, आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती. पत्रा तिरका गेला म्हणून सरळ करायला उजवा हात घातला, आणि त्याच वेळी डाव्यानं बटण दाबलं. चारही बोटं. अंगठा तेवढा राहिला.

तिला दवाखान्यात नेलं. मीच नेलं, माझा शर्ट भरला होता. तोपर्यंत मी बरा माणूस होतो, असं मला वाटतं. किंवा वाटून घेतो.

चौकशी व्हायचीच होती. राजधानीतून आपले एक अधिकारी आले. हिंदी बोलणारे, सभ्य, घाईत असलेले. त्यांना जाणून घ्यायचं होतं की बटणात पाचर मारायला तिला कुणी शिकवलं. केंद्रात कुणी शिकवलं असेल तर चूक आपली, मग नुकसानभरपाई, मग तिकडच्या पेपरात बातमी, मग भारताच्या मदतीवर बोट. तिचं तिनंच केलं असेल तर हळहळ व्यक्त करून मोकळं. प्राचार्यांनी वर्गातल्या बाकीच्यांना विचारलं होतं. केंद्रच बंद पडलं तर काय, या भीतीनं ते एवढंच म्हणाले की पाचर तिनंच मारली. ते खरंच होतं. त्या सकाळी तिनंच मारली होती. ते बोलत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा होतो, हेही एक कारण असेल.

मग आम्ही तिघं तिच्या खाटेपाशी गेलो. अधिकारी, प्राचार्य आणि मी.

हात गुंडाळलेला, उशीवर ठेवलेला. मला बघून तिला बरं वाटलं. खरंच—माझ्याकडे बघून तिच्या चेहऱ्यावरची भीती कमी झाली. प्राचार्यांनी तिला त्यांच्या भाषेत विचारलं, हे कुणी शिकवलं? ती काहीतरी बोलली, त्यात 'म्वालिमू' होतं, आणि मग ती तो शब्द म्हणाली. एकहतारी. दोनदा म्हणाली, माझ्याकडे डाव्या हातानं खूण करत. मी सांगेन अशा खात्रीनं. शब्द माझा होता ना! मी सोडून दुसरं कोण सांगणार?

अधिकाऱ्यांनी प्राचार्यांना इंग्रजीत विचारलं, ही काय म्हणतेय?

प्राचार्य गोंधळले. इंग्रजीतच म्हणाले, ती म्हणतेय की गुरुजींनी हा शब्द सांगितला, पण हतारी तर आमचाच शब्द, हतारी म्हणजे धोका. पुढचं 'एक' काय ते कळत नाही.

अधिकारी माझ्याकडे वळले. "एक तो अपना हुआ. तुम्हारी मराठी में कुछ है क्या ऐसा? एक हाथ… ऐसा कुछ?"

बघा, माणूस हुशार होता. अगदी दारात येऊन उभा होता. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नाहीत त्यात.

मी म्हणालो, "नहीं सर. मराठी में ऐसा कोई शब्द नहीं है. हतारी मतलब खतरा, मैंने ही उसको पाटी पढ़के समझाया था. वो बोल रही है कि गुरुजी ने बताया था, ये खतरा है. उसको मालूम था सर. फिर भी किया."

हे आहे ते. हेच सांगायचं होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तर तुम्ही मला भित्रा म्हटलं असतं. मी गप्प बसलो नाही. तिच्याच भाषेतला शब्द घेतला, आमच्या खेळातला, आणि त्याच शब्दानं तिला खोटं पाडलं. तिनं मला वाचवायला बोलावलं होतं आणि मी तिच्या तोंडातलं वाक्य काढून तिच्याच गळ्यात अडकवलं. किती चपळाईनं केलं! त्या क्षणी मला एकदाही अडखळायला झालं नाही. आज तुमच्यापुढे दर वाक्याला अडखळतोय.

आणि अजून एक आहे. तिला हिंदी येत नव्हती. मी बोलत होतो तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होती—हो, हो, हेच. तिला वाटत होतं, गुरुजी सगळं समजावून सांगतायत. मी थांबल्यावर अधिकारी "ठीक है" म्हणाले, प्राचार्यांना इंग्रजीत तेच सांगितलं, आणि ती मला म्हणाली, "असांते, म्वालिमू."

असांते म्हणजे आभार.

मी मान लववून ते आभार घेतले. मग बाहेर येऊन दवाखान्याच्या नळाखाली डोकं धरलं. रडलो का? नाही. सुटलो, असं वाटलं. सुटल्याचा आनंद झाला, हे लिहिताना माझाच हात मला किळसवाणा वाटतोय.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिची स्वतःची हयगय ठरली. भरपाई नाही. शिकवायची जागा दुसऱ्याला दिली. ती दवाखान्यातून सुटायच्या आत माझी मुदत संपली आणि मी विमानात बसलो. कंपनीनं शेजारच्या देशात मशिनी विकल्या. मी ट्रेनिंगचा मुख्य झालो, चिंचवडला फ्लॅट घेतला. वास्तूला वंदनेसाठी भंतेजी आले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला—खोटं बोलणार नाही, तिथं—माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. तेव्हापासून निघतच नाही. विहारात माझ्या मागे बसणाऱ्यांना वाटत असेल, याचा घसा खराब आहे.

वास्तूच्या दिवशी दाजीही आले होते. अंगठा आणि करंगळीत पेढा धरून त्यांनी माझ्या तोंडात घातला. मराठवाड्यातून येऊन किती वर्षं झाली, बोली काही बदलली नाही त्यांची. म्हणाले, "तिकडल्या लोकायला बटणं नीट शिकिवलीस ना रं? न्हाईतर करायले लागतेत आपल्यावाणी एकहाती."

मी हो म्हणालो. पेढा तोंडात होता.

दाजींची बोटं गेली तेव्हा मी विशीत होतो. शेडचा सुपरवायझर पंख्याखाली बसून म्हणाला होता, त्यानंच पाचर मारली, त्याला माहीत होतं, आम्ही काय करणार? मी टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली होती. लोकांनी सोडवलं. दाजीच मला म्हणाले, "सोड त्याला. कामून भांडायलास? आपुनच मारलती की पाचर." पण मी कितीतरी वर्षं ते वाक्य मनात धरून होतो. त्याला माहीत होतं—असं कसं म्हणतो हा माणूस? रात्री घरी जेवतो कसा? पोरांच्या तोंडाकडे बघतो कसा? आता मला कळलंय. जेवता येतं. बघताही येतं. तेच वाक्य मी खाटेपाशी उभं राहून हिंदीत म्हणालो. आणि माझी कॉलर धरायला तिथं कुणी नव्हतं.

इतके दिवस मी असं समजत होतो की ते होऊन गेलंय. वाईट झालं, पण संपलं. मी तिची चौकशी कधी केली नाही. केली असती तर काय कळेल, याची भीती होती. पण यंदा त्याच केंद्रातली काही माणसं शिकायला चाकणला आली, आपल्याच सरकारच्या खर्चानं. त्यात जुमा नावाचा एक शिक्षक होता, मी तिथून आल्यानंतर लागलेला. मला ओळखायचं कारण नव्हतं. मी त्यांना प्रेस दाखवत होतो, नवी, जिच्यात पाचर मारली तर मशीन चालतच नाही. जुमा बटणांकडे बघून हसला आणि इंग्रजीत म्हणाला, आमच्याकडे केंद्राच्या फाटकासमोर एक बाई मंदाझी विकते. डाव्या हातानं. तिला सगळे 'मामा एकहतारी' म्हणतात.

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. उचलायच्या निमित्तानं मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

तो सांगत होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की हा शब्द भारतातला आहे, तिच्या भारतीय गुरुजींनी शिकवला, गुरुजी आले की सांगतील. प्राचार्य म्हणतात, असा शब्दच नाही, तेव्हा भारताच्या माणसानंच तसं सांगितलं होतं. पोरं चेष्टा करतात. तिच्या मुलीनं, नेमानं, शाळेत कुणाशी तरी मारामारी केली, माझी आई खोटारडी नाही म्हणून. तो हसतच सांगत होता, वाईट मनाचा नव्हता. आणि मग त्यानं सरळ विचारलं, सर, तुम्ही तर इथलेच. तुमच्या भाषेत आहे का हो असा शब्द?

तिचं नाव गेलं होतं, तुम्ही बघा. लेकीच्या नावानं हाक मारायचे तिला. आता माझ्या शब्दानं मारतात. आणि ती माझ्यावर रागावलेलीही नाही. ती वाट बघतेय. गुरुजी येतील आणि सांगतील!

चाकणमध्ये उभा होतो मी. चहूकडे मराठी. मागे दोन पोरं जेवणाच्या डब्यावरून मराठीत भांडत होती. भिंतीवर सुरक्षेच्या सूचना मराठीत. आणि नोकरी जाईल म्हणावं, तर जुमाच्या हातात माझं काहीही नव्हतं. घाबरायचं कारणच नव्हतं. तरी माझ्या तोंडातून निघालं—नाही, असा शब्द नाही.

यावेळी तर मला कुणी घाईही केली नव्हती.

त्यांची बॅच बरेच दिवस होती. मी रोज ठरवायचो, आज सांगू. चहाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचो. तो मला बिस्किट द्यायचा. मी बिस्किट घ्यायचो. शेवटच्या दिवशी त्यांची गाडी फाटकातून निघाली, जुमानं खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. गाडी नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत बराच वेळ अडकून पडली होती. चालत गेलो असतो तरी गाठली असती.

मी तिथंच उभा राहिलो, गाडी सुटेपर्यंत.

आता तो तिकडे पोचला असेल. मंदाझी घ्यायला फाटकासमोर थांबला असेल. ती विचारणारच, चाकणला गेला होतास ना, विचारलंस का? आणि तो सांगेल, विचारलं. तिथल्या सरांनाच विचारलं. नाही म्हणाले.

शब्द आहे. मराठी आहे. एक आणि हात, त्यातून झालेला. तो तिला मी शिकवला, पाचर मी मारली, आणि मामा नेमा खरं बोलतेय.